आणेवारी: पिकाचा रुपया आणि दप्तराची उपमा

शेतातून सार्वजनिक बोलण्यात आलेले शब्द म्हटले की सुगी, रास, पेव हेच आठवतात. 'शिक्षणसंस्थांचे पेव फुटले' असे लिहिणाऱ्या बहुतेकांनी जमिनीतले धान्याचे पेव पाहिलेले नसते, तरी वाक्य अडत नाही. मला येथे त्याहून रुक्ष, महसुली दप्तरातला शब्द घ्यायचा आहे: आणेवारी. पेवाचे रूपक चुकले तर वाक्य बिघडते. आणेवारी चुकली तर पीक बुडालेल्यालाही सारा भरावा लागतो.

रयतवारी, टक्केवारी यांच्याच जातीचा हा शब्द. चांगले, भरघोस पीक म्हणजे एक रुपया, सोळा आणे. त्याच्या मानाने यंदाचे पीक किती आणे, ते सांगणारी ही रीत. म्हणजे शासकीय वस्तुस्थितीच मुळात एका रूपकावर उभी आहे. 'सोळा आणे खरे' असे आपण म्हणतो त्यातही तोच पूर्ण रुपया आहे. या रूपकावर माणसे तुरुंगात गेली आहेत. मुंबई इलाख्यात पीक चार आणे वा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाची साऱ्याची वसुली तहकूब करण्याचा नियम होता. 1918 चा खेडा सत्याग्रह या चार आण्यांवरून झाला. पीक चार आण्यांच्या आत आहे असे शेतकरी म्हणत, अधिकारी तो आकडा वर नेत. डोळ्यांसमोरचे शेत एकच, वाद अपूर्णांकाचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशनिंग आले आणि पिकाचा आकडा साऱ्यापुरता न राहता पोटाचा झाला. मग अंदाजावर भागेना. या कामात दोन मराठी नावे ठळक आहेत: सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे आणि आमच्या इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत काम केलेले व्ही. जी. पानसे. यादृच्छिक पद्धतीने शेत निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून तोलायचे. या पीककापणी प्रयोगांना त्यांनी संख्याशास्त्राचा पाया दिला. सुखात्मे पुढे 1951 पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. आणा चलनातून गेला आणि दप्तरात आणेवारीची 'पैसेवारी' झाली. लोकांनी मात्र जुना शब्द सोडलेला नाही; मध्य प्रदेशात हिंदी बोलणारा शेतकरीही 'अनावारी'च म्हणतो. महाराष्ट्रात ही पैसेवारी हंगामात तीनदा जाहीर होते. त्यातल्या पहिलीला म्हणतात 'नजरअंदाज पैसेवारी'. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकाला येथे ठेच लागते. हिंदीत 'नजरअंदाज करना' म्हणजे दुर्लक्ष करणे. मराठी महसुलात नजरअंदाज म्हणजे नजरेने केलेला अंदाज. आमच्याकडचा कोणी हिंदी मित्र महाराष्ट्रातली बातमी वाचून 'पैसेवारीकडे दुर्लक्ष झाले' असे समजला, तर त्याला दोष देववणार नाही.

आता दुसरा शब्द. महाराष्ट्र विधिमंडळाने 1963 मध्ये एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' ही संज्ञाच काढून टाकली आणि तिच्या जागी 'टंचाई' आणली. पीकपाण्यावर सरकारचे सतत लक्ष असते, तेव्हा दुष्काळाला वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. पुढे नऊच वर्षांनी 1972 उजाडले. लोक खडी फोडायला गेले, लाल मिलो आणि सुकडी खाऊन जगले. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली. कायद्याच्या लेखी ती टंचाई होती. मात्र 'बहात्तरची टंचाई' असे म्हणणारा म्हातारा मला आजवर भेटलेला नाही.

काढून टाकलेला शब्द मागल्या दाराने परत आला तो 'दुष्काळसदृश परिस्थिती' असा. शाळेत आपण उपमेची चार अंगे शिकतो: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. 'सदृश' हा असा वाचक शब्द आहे. कवी उपमा देतो ती वस्तू अधिक स्पष्ट दिसावी म्हणून. शासननिर्णयात ती येते वस्तूचे नाव घ्यावे लागू नये म्हणून. माझ्या मते मराठी गद्यात अलंकाराचा इतका महागडा उपयोग दुसरा नसेल. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर शेतसाऱ्यात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी यांचा मार्ग उघडतो. एक्कावन्न पैशांच्या गावात उपमाही पोचत नाही. आणि पैसेवारी गावाची असते, शेताची नाही. माळावरचे जळालेले रान आणि विहिरीखालचा हिरवा तुकडा एकाच आकड्यात बसतात.

डिसेंबर 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओल आणि उपग्रहावरून दिसणारी हिरवाई हे निकष पुढे आणले. नजर आता आकाशात गेली आहे. तरीही दर हिवाळ्यात गावोगावची अंतिम पैसेवारी जाहीर होते, आणि बातमीचा मथळा असतो 'आणेवारी जाहीर'.