मालाची वाट आणि कराची मर्यादा

सडक अर्जुनी तालुक्यातील आमचे सौंदड हे नागपूर–रायपूर महामार्गावरील गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आमचा तत्कालीन भंडारा जिल्हा, बालाघाट आणि रायपूर ही सारी नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होती, आणि आजही तिकडे आमच्या सोयरिकी जुळतात, बाजारहाट चालतो. त्यामुळे तो परमुलूख आहे असे आम्हांस कधी वाटतच नाही. या आपलेपणाच्या भरात माझ्या व्यवहारात जी चूक झाली, ती इतरांच्या हातून होऊ नये, एवढ्याच हेतूने हा अनुभव नमूद करीत आहे.

घरच्या धानाचा तांदूळ पाच-पाच किलोंच्या पिशव्यांत भरून, वर नाव, वजन व किंमत छापून, मोबाईलवर मागण्या घेऊन तो टपालाने पाठविण्याचा उद्योग मी आरंभिला, तेव्हा नोंदणीकृत ब्रँड नसलेल्या अशा तांदळावर कर नव्हता. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोंपर्यंतच्या लेबल लावलेल्या तयार पिशव्यांवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. ती बातमी मी वाचली. परंतु नोंदणीची मर्यादा चाळीस लाखांची आणि आपली उलाढाल त्याच्या पासंगालाही पुरणारी नाही, या समजुतीने मी निश्चिंत राहिलो.

वर्षभराने रायपूरच्या एका दुकानदाराने बिलावरील जीएसटी क्रमांक विचारला, तेव्हा टपालाच्या पावत्यांची पेटी घेऊन मी गोंदियास एका करसल्लागारांकडे गेलो. "भाऊ, उलाढाल मागाहून सांगा, आधी पिशव्या कुठे गेल्या ते पाहू," असे म्हणून त्यांनी पिनकोडाप्रमाणे गठ्ठे लावले: महाराष्ट्रातील एकीकडे, बालाघाटचे ४८ ने आणि रायपूरचे ४९ ने आरंभ होणारे दुसरीकडे. दुसरा गठ्ठा लहानसाच होता. पण त्यातील, कर लागू झाल्यानंतरच्या पहिल्या पावतीच्या तारखेभोवती त्यांनी तांबड्या पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि माझी जबाबदारी त्या दिवसापासून सुरू झाली असे सांगितले. त्या दिवसापासूनच्या सर्व करपात्र विक्रीवरील जो कर मी गिऱ्हाइकांकडून घेतलाच नव्हता, तो अठरा टक्के व्याजासह मला पदरचा भरावा लागला. नोंदणी न केल्याबद्दल दहा हजार रुपये अथवा बुडालेला कर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढ्या दंडाची तरतूदही कायद्यात आहे, हे मला तेव्हाच कळले.

म्हणून माझ्यासारख्या लहान विक्रेत्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, उलाढालीच्या आकड्याआधी मालाची वाट पाहावी. केवळ मालाची विक्री आणि तीही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असेल, तर सर्वसाधारणपणे वार्षिक चाळीस लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. मात्र या हिशेबात करमुक्त मालाची विक्रीही धरली जाते. करपात्र माल राज्याबाहेर जाणार असेल, तर हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद वगळता, २०१७ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पहिल्या रुपयापासून नोंदणी आवश्यक ठरते. ऑनलाइन बाजारपेठेमार्फत विकणाऱ्यांना पूर्वी उलाढाल कितीही अल्प असली तरी नोंदणी अनिवार्य होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आत राहून एकाच राज्यात माल विकणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आहे, परंतु तीही पॅनच्या आधारे जीएसटीच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घेतल्यावरच.

नोंदणीस सरकारी फी नाही. पण ती घेतल्यावर विक्री शून्य असली तरी विवरणपत्र मुदतीत भरावेच लागते, अन्यथा शून्य विवरणपत्रासही दिवसाला वीस रुपये विलंबशुल्क चढते. आपला माल कोणत्या दिवशी करमुक्ताचा करपात्र झाला, याची खबर ठेवणे हेही विक्रेत्याचेच काम आहे.

आता माझ्या पेटीत दोन कप्पे आहेत, आणि पार्सल बांधण्यापूर्वी मी गिऱ्हाइकाच्या नावाच्याही आधी त्याचा पिनकोड वाचतो.