मुलांच्या पोटांतील पाचक द्रव्यें व त्यांची परीक्षा

आमच्या शेवगांव तालुक्यांत बाजरी-ज्वारीची भाकरी आणि दूध हें मुलांचें जुनें, सकस अन्न होय. पण कांहीं घरांत असें दिसतें कीं, तेंच दूध थोरल्याच्या अंगीं लागतें, आणि धाकट्याचें पोट मात्र त्यानेंच फुगतें, गुडगुडतें व त्यास शौचास पातळ होतें. मग कोणी म्हणतें, पोर नखरे करतें. कोणी म्हणतें, दृष्ट लागली. कोणी त्याचें दूध कायमचें तोडतें. ह्या तिन्हींत मुलाचेंच नुकसान आहे. म्हणून ह्या तक्रारीचें खरें कारण कसें ओळखितात, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भाकरीचा घांस पुष्कळ वेळ चावीत राहिलें असतां तो गोड लागूं लागतो. लाळेंतील एक द्रव्य पिठाची साखर करूं लागतें, म्हणून असें होतें. अशा द्रव्यांस एन्झाइम किंवा विकर म्हणतात. १८३३ सालीं फ्रान्समध्यें पायाँ व पर्सो ह्यांनीं मोड आलेल्या जवांतून असें एक द्रव्य वेगळें केलें. १८३६ सालीं जर्मनीत श्वान ह्यांस जठरांतील पेप्सिन सांपडलें. आणि ‘एन्झाइम’ हें नांव क्यूने ह्यांनीं दिलें.

दुधांतील साखरेचें नांव लॅक्टोज. लहान आंतड्याच्या अस्तरांतील लॅक्टेज हें विकर तिचे दोन तुकडे करितें, तेव्हांच ती रक्तांत जाते. लॅक्टेज कमी पडलें, तर ती साखर तशीच मोठ्या आंतड्यांत उतरते; तेथील सूक्ष्म जंतू ती आंबवितात; वायु व आम्ल तयार होतात आणि आंतड्यांत पाणी ओढलें जातें. पोट फुगतें तें ह्यामुळें.

ही उणीव तीन प्रकारची असते. जन्मतःच लॅक्टेज नसणें अत्यंत विरळ. जोराच्या हगवणीनें आंतड्याचें अस्तर सोलवटून येणारी उणीव तात्पुरती असते व बहुधा कांहीं आठवड्यांत भरून निघते. तिसरी वय वाढतां वाढतां आपोआप येते; ती रोग नव्हे, आनुवंशिक ठेवण होय. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ती उत्तर हिंदुस्थानांतील सुमारें २७ टक्के, तर दक्षिणेंतील सुमारें ६६ टक्के लोकांत आढळली. महाराष्ट्र ह्या दोहोंच्या मध्यें वसलेला आहे. तेव्हां एकाच वर्गांत दोन्ही प्रकारचीं मुलें असल्यास नवल नाहीं.

आतां परीक्षेकडे वळूं. पहिली परीक्षा आमच्या विद्यार्थ्यांस प्रयोगशाळेमुळें परिचित आहे. बेनेडिक्टचें निळें द्रावण साखरेबरोबर तापविलें असतां हिरवें, पिवळें व शेवटीं विटकरी होतें. बाळाच्या ताज्या, पातळ मलावर हीच परीक्षा करितात व त्याची आम्लताही पाहतात. उसाची साखर मात्र ह्या द्रावणास रंग आणीत नाहीं. म्हणून ती पचविणाऱ्या सुक्रेजची उणीव असल्याची शंका आल्यास मल आधीं आम्लांत उकळावा लागतो. येथें एक सावधगिरी हवी. आईच्या दुधावरील निरोगी बाळाच्या मलांतही साखर व आम्लता सांपडते. एवढ्यावरून त्यास रोगी ठरवूं नये.

दुसरी परीक्षा श्वासाची. रात्रभर उपाशी ठेवून मुलास मोजून लॅक्टोज पाजतात आणि दर अर्ध्या तासानें त्याचा श्वास पिशवींत घेतात. जंतूंनीं केलेला हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसांत येतो. तो मूळच्यापेक्षां दहा लक्षांत वीस भागांनीं वाढला, तर साखर पचली नाहीं असें समजतात. सुई नाहीं, वेदना नाहीं. कांहींच्या पोटांत हायड्रोजन करणारे जंतूच नसतात. तेथें ही परीक्षा फसते. क्वचित् आंतड्याच्या अस्तराचा कण दुर्बिणींतून काढून त्यांतील विकरें मोजावीं लागतात.

मूल भरपूर खाऊनही वाळत असेल व त्याचा मल तेलकट, अतिदुर्गंध असेल, तर दोष स्वादुपिंडाचा असूं शकतो. तेव्हां मलांतील इलॅस्टेज व घामांतील क्लोराइड मोजतात.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, परीक्षेवांचून कोणाचें दूध कायमचें तोडूं नये. वैद्यकीय सल्ल्यानें दोन आठवडे दूध बंद ठेवून पुन्हां थोडें थोडें देणें, हीही एक परीक्षाच आहे. मोठ्या मुलांस जेवणाबरोबर थोडें दूध बहुधा सोसतें. दही तर अधिकच सोसतें, कारण विरजणांतील जंतूंनीं साखरेचें काम आधींच आरंभिलेलें असतें. हगवणींत अंगावरचें दूध बंद करूं नये. जलसंजीवनी देत राहावें. वजन घटणें, मलांत रक्त येणें, ग्लानि किंवा लघवी कमी होणें ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास विलंब न लावितां मुलास रुग्णालयांत न्यावें.

आणि विद्यार्थ्यांनो, शेजारचा सोबती दुधाचा पेला मागें सारील, तर त्यास हंसूं नका. त्याची जीभ लाडावलेली नसून त्याच्या आंतड्यांत एक विकर कमी असेल. आणि तें आहे कीं नाहीं, हें चेष्टेनें नव्हे, परीक्षेनेंच कळतें.