वालाच्या मुळांवरच्या गाठी

मैत्रिणींनो, भात कापलं की महाड-पोलादपूरकडे खाचरातल्या ओलीवर आपण वाल पेरतो. युरिया फारसा कुणी देत नाही, तरी वाल येतो. तो कसा?

फुलं धरायच्या सुमारास एक रोप खुरप्याने मातीसकट उकरा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं हलक्या हाताने धुवा. मण्यांसारख्या गाठी दिसतील. त्यांत रायझोबियम जिवाणू राहतात. रोप त्यांना साखर देतं, ते हवेतला नत्र रोपाला खाता येईल असा करून देतात. हॉलंडच्या बायरिंक यांनी १८८८ मध्ये हे जिवाणू वेगळे काढून दाखवले.

एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. मूळच सुजलं असेल आणि गाठ सुटत नसेल, तर ती सूत्रकृमीची. ती वेगळी.

गाठी कमी असतील तर पुढच्या पेरणीला रायझोबियम लावा. चवळी गटाचंच मागा, हरभऱ्याचं वालाला चालत नाही. किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम, गुळाच्या गार पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. पाकीट चुलीजवळ ठेवलंत तर पैसे फुकट, जिवाणू मरतात.

बराचसा नत्र दाण्यात जातो, म्हणजे आपल्याच आमटीत. भातासाठी उरतो तो मुळांत नि पाल्यात. म्हणून यंदा एका खाचरात वाल उपटू नका, विळ्याने कापा. पाला गुरांनी खाल्ला तर शेणखत त्याच खाचरात टाका.