मोपेडचा क्लच : आधी निदान, मग दुरुस्ती



एरवी या पानात आम्ही बेणेप्रक्रिया, लागण, खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा घेतला आहे. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली आणि पायडलवर सुरू होणारी ही छोटी फटफटी आपल्या शिवारात शिरली. पुढे मॉडेले बदलली. पण दुधाची किटली, वैरणीचा भारा, खताचे पोते वाहणारी पेट्रोल मोपेड अजूनही वस्त्या-वस्त्यांवर दिसते. ती ऐन हंगामात बसली की सगळ्याच कामाचा खोळंबा होतो.

मागे एका हंगामात आमच्या गटातील चिटबॉयची मोपेड कालव्याचा भराव चढेना. "क्लच गेला," म्हणून आम्हीच त्याला लायनर बदलायला धाडले. पंधरा दिवसांत पुन्हा तेच, पुन्हा नवे लायनर. तिसऱ्यांदा गाडी वाटेतच राहिली, तोडणीची चिठ्ठी उशिरा पोचली आणि टोळी अर्धा दिवस फडात बसून राहिली. मग गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवले, तर फिरता फिरेना! ब्रेक धरून राहत होता आणि क्लच त्याच्याशी झगडून जळत होता. चूक आमची. ऊस पिवळा दिसला म्हणून मुळाशी पाणी साचले आहे का ते न बघता युरिया फेकावा, तसला हा प्रकार.

क्लच चालतो कसा?

मोपेडला हाताचा क्लच नसतो. आत लायनर लावलेले शू असतात, ते स्प्रिंगने आत ओढलेले राहतात. ॲक्सिलेटर दिला की इंजिन वेग घेते, शू बाहेर फेकले जातात, ड्रमला घट्ट धरतात आणि गाडी चालते. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना परत आत घेते.

दोष ओळखावा कसा?

१) इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही : क्लच घसरतो आहे. मात्र तो खोलण्याआधी मागचे चाक मोकळे फिरते का, साखळी फार ताणली आहे का, टायरात हवा आहे का, हे पाहावे.

२) इंजिनच वेग घेत नाही : हा दोष बहुधा क्लचचा नव्हे. एअर फिल्टर, कार्बोरेटर, प्लग बघावा. टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सर काजळीने तुंबतो, तेही तपासावे.

३) ॲक्सिलेटर सोडूनही गाडी पुढे सरकते : याकडे दुर्लक्ष करू नका. दारात चालू ठेवलेल्या गाडीची मूठ एखाद्या पोराने पिळली तर अनर्थ होईल. आधी ॲक्सिलेटरची वायर अडकते का आणि आयडलिंग जास्त आहे का ते पाहावे. तरी सरकली तर स्प्रिंग सैल पडली किंवा तुटली असे समजावे.

४) सुटताना हिसके बसतात : लायनर गुळगुळीत झाले असतील, स्प्रिंगचा ताण कमी-जास्त असेल किंवा ड्रम वाकडा झाला असेल.

दुरुस्ती

इंजिन थंड होऊ द्यावे, प्लगची टोपी काढून ठेवावी. क्लच पुलर लावूनच काढावा, हातोडीने ठोकाठोक केली तर क्रँकला इजा होते. काही गाड्यांत नटाचे आटे उलटे असतात, म्हणून जोर करण्याआधी खात्री करावी. आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

लायनर नुसते चकाकत असतील तर पॉलिश पेपरने हलके घासावेत. झिजले असतील तर सगळे शू एकदम बदलावेत. स्प्रिंगाही पूर्ण संचच घालावा, कापून किंवा ताणून जुगाड करू नये. ड्रमवर निळसर डाग, भेगा किंवा खोल चरे दिसले तर तो जाणत्या मेस्त्रीला दाखवावा.

काही गाड्यांचा क्लच कोरडा असतो, काहींचा ऑइलात चालतो. कोरड्या क्लचमध्ये ऑइल आले तर सील गळते आहे. सील न बदलता नवे लायनर घातले तर तेही भिजणार. ऑइलातल्या क्लचला मोटारीचे ऑइल घालू नये, गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच घालावे. नाहीतर चांगला क्लचही घसरतो.

शेवटी वापराविषयी. उसाच्या ट्रॅक्टरमागे चढावर उभे राहायचे असेल तर गाडी ब्रेकवर धरा, ॲक्सिलेटरवर नको. चिखलात चाक रुतले तर खाली उतरून ढकला. दोन पोती आणि वर माणूस, असा भार कुठलाच क्लच फार दिवस सोसत नाही.

तेव्हा मेस्त्रीकडे जाण्याआधी एवढे करा. गाडी स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि मागचे चाक हाताने फिरवून बघा. या तपासणीला पैसा पडत नाही. आम्ही ती केली नाही, म्हणून दोन वेळचे लायनर आणि टोळीचा अर्धा दिवस फुकट गेला.