चिपला काळा कोट कशासाठी?



मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या शाळेच्या परसबागेत आठवीच्या मुलांनी ओलावा ओळखणारं यंत्र बसवलं. माती सुकली की भोंगा वाजायचा, म्हणजे पाणी द्यायची वेळ झाली. वर्गातल्या कुंडीत ते छान चाललं. वाफ्यात नेलं आणि भर दुपारी, मातीला भेगा पडलेल्या असताना, भोंगा गप्प! ऊन उतरलं की मात्र आपोआप वाजायचा. त्याच्या भरवशावर राहिलेली मेथी तोवर माना टाकून बसलेली.

"डब्बा तपते न जी सर, म्हणून बंद पडते," एका पोराचं निदान. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे काहीही बिघडलं की आपण उष्णतेवर खापर फोडून मोकळे होतो. पण एका मुलीने विचारलं, "सर, डब्बा झाकून पाहू काय?" डबा मिठाईचा, पारदर्शक प्लास्टिकचा होता. तिने त्याला काळा कागद गुंडाळला. आत थर्मामीटर ठेवला होता. काळ्या कागदामुळे डबा आधीपेक्षा जास्त तापला आणि तरी भोंगा वाजला! म्हणजे त्या दिवशीचा चोर उष्णता नव्हती, प्रकाश होता.

शोधल्यावर सापडला एक काचेचा डायोड. तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याच्या आत सिलिकॉनचा तुकडा असतो आणि काचेतून प्रकाश थेट त्यावर पडतो. आता बघा, सोलर पॅनल सिलिकॉनचं आणि चिपही सिलिकॉनचीच. प्रकाश पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. पॅनलमध्ये आपल्याला तेच हवं असतं. चिपमध्ये मात्र तो नको तिथे वाहणारा चोरटा प्रवाह ठरतो. कोरड्या मातीतून वाहणारा प्रवाह आधीच अगदी कमी. त्यात डायोडमधली ही गळती मिसळली आणि यंत्राला वाटलं, माती ओलीच आहे. वर्गात हे का दिसलं नाही? वर्गातला उजेड काहीशे लक्स असतो, दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास.

म्हणूनच बहुतेक चिपना काळं आवरण असतं. ते ओल आणि धक्क्यापासून वाचवतं, शिवाय उजेड आत जाऊ देत नाही. जुना कॅल्क्युलेटर उघडा, पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसेल. चिप त्याच्याखाली असते.

हा प्रश्न नवा नाही. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमान यांनी ईप्रॉम ही स्मृती-चिप आणली. तिच्या पाठीवर मुद्दाम काचेसारखी खिडकी असायची, कारण आतली माहिती अतिनील किरणांनी पुसायची असे. पण थेट उन्हात राहिली तर साधारण आठवड्याभरात माहिती आपोआपच पुसली जाऊ शकते, म्हणून खिडकीवर अपारदर्शक चिठ्ठी चिकटवत. अलीकडचा किस्सा तर गमतीचा आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये रास्पबेरी पाय २ हा चिमुकला संगणक आला. झेनॉन फ्लॅश मारून त्याचा फोटो काढला की तो बंदच पडायचा! वीजपुरवठा सांभाळणारी एक चिप त्यावर जवळजवळ उघडी बसवलेली होती. तिच्यावर काहीतरी अपारदर्शक चिकटवलं की काम भागत असे.

आपल्याकडे झटका मशीन, सौर पंपाचा कंट्रोलर, रस्त्यावरचा सोलर दिवा हे सगळं दिवसभर उन्हातच असतं. झाकण फुटलं की आपण पारदर्शक पन्नी गुंडाळतो. पावसापासून बचाव होतो, उन्हापासून नाही. झाकण अपारदर्शकच हवं. आतून काळं, बाहेरून पांढरं असेल तर उजेडही अडतो आणि डबा कमी तापतो (जास्त तापल्यानेही गळती वाढतेच, ते विसरू नका). हवेची भोकं खालच्या बाजूला ठेवा. काचेच्या डायोडला काळी इन्सुलेशन टेप पुरते. मात्र ज्याला उजेड बघायचाच आहे तो सेन्सर झाकू नका, नाहीतर दिवा दिवसाही जळत राहील. आणि झटका मशीन मुलांना उघडायला देऊ नका.

एक फसवी गोष्ट राहिलीच. काळं दिसणारं सगळं प्लास्टिक प्रकाशबंद नसतं. सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशसुद्धा. टीव्हीच्या रिमोटच्या तोंडावर ते प्लास्टिक घट्ट धरा आणि बटण दाबा. चॅनल बदललं तर ते प्लास्टिक चिपच्या कामाचं नाही.

वर्गात करायला सोपा प्रयोग: लाल एलईडीचे दोन पाय मल्टिमीटरला जोडा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि एलईडीचं तोंड सूर्याकडे करा. बॅटरी नसताना एक-दीड व्होल्ट दिसतील. मग बोटाने झाका. आमच्या मुलांनी हे पाहिलं आणि परसबागेतला डबा बाहेरून चुन्याने रंगवला. पावसाळ्यात चुना धुऊन जाईल, तेव्हा काय लावायचं यावर सध्या त्यांचं भांडण चालू आहे.