गाय घोरते, पण खाते-पिते ना?

जुळे सोलापूर आता बंगल्यांचं झालं असलं, तरी कडेच्या मोकळ्या प्लॉटवर दोन-चार गायी बांधणारी घरं अजून आहेत. त्या गोठ्यांतून येणारी एक तक्रार ठरलेली असते. पहिल्या-दुसऱ्या वेताची गाय वैरण खाते, रवंथ करते, दूध देते, अंगात ताप नाही. फक्त श्वास घेताना घर्रघर्र आवाज येतो. निदानही सोबतच येतं: सर्दी असणार, एक इंजेक्शन मारा. काहींच्या मते ती उष्णता असते, काहींच्या मते घोरायची सवय. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे की खाणारं-पिणारं जनावर आजारी नसतं. ती पटण्यासारखी आहे, म्हणूनच घात करते.

हवा मोकळ्या वाटेनं गेली तर आवाज होत नाही. वाट अरुंद झाली की होतो. आवाज मुख्यतः श्वास आत घेताना येत असेल, तर अडथळा बहुधा वरच्या भागात, म्हणजे नाकपुडीपासून घशापर्यंत कुठेतरी असतो. फुफ्फुसाचा आजार वेगळा दिसतो. त्यात श्वासांची गती वाढते, श्वास सोडताना कुशी ओढल्या जातात, खोकला असतो, ताप असतो आणि वैरण आधी सुटते. तेव्हा गाय नीट खाते याचा अर्थ इतकाच, की फुफ्फुसं आणि बाकीचं शरीर बहुधा ठीक आहे. वाट मोकळी आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते. बिनतापाचा आवाज पंधरवडा उलटूनही टिकला, तर ती सर्दी नव्हे.

अडथळा कुठे आहे याचा अंदाज घरीही येतो. गाय सावलीत शांत उभी असताना थंड स्टीलची ताटली नाकपुड्यांसमोर धरा. वाफेचे दोन डाग उमटतील. एक मोठा आणि एक अगदी लहान उमटला, तर अडचण एका बाजूच्या नाकात आहे. दोन्ही सारखेच असून आवाज मोठा असेल, तर घशातली गाठ, गळू किंवा स्वरयंत्राची सूज यांचा विचार करावा लागतो. पण दोन्ही नाकपुड्या सारख्याच भरल्या असल्या तरी डाग सारखेच येतात, म्हणून नाक डॉक्टरांनी पाहायलाच हवं. लम्पीच्या गाठीही नाका-घशात होतात, तेव्हा तो आजार होऊन गेला असेल तर आवर्जून सांगा. आणि आधी मोरकी पाहा. कालवड वर्षाची असताना बांधलेली मोरकी गाय झाली तरी तशीच असते, नाकाच्या हाडावर रुतते, आणि आपण औषधांवर पैसे घालतो.

नाकाच्या कारणांमध्ये सर्वांत कमी ओळखला जाणारा आजार म्हणजे नाकातला पर्णकृमी, शिस्टोसोमा नेझाले. १९३३ साली मद्रास प्रांतात राव यांनी त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे तो घोरण्याचा आजार म्हणून ओळखला जातो. हा कृमी नाकाच्या आतल्या शिरांमध्ये राहतो. त्याच्या अंड्यांभोवती फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत वाढ होते आणि वाट बुजत जाते. शेंबडात, कधी रक्तमिश्रित, ही अंडी पडतात. कॉस्टिक सोड्यात शेंबूड विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बाकदार, बूमरँगसारखी दिसतात. तपासणी इतकी सोपी असूनही ती क्वचितच मागितली जाते. गाय पाणी पिताना अंडी पाण्यात जातात, तिथल्या चपट्या वळीच्या तपकिरी गोगलगाईत कृमीची पुढची वाढ होते, आणि तिथून निघालेल्या अळ्या पाण्यात उभ्या जनावराच्या कातडीतून आत शिरतात.

यावर हमखास आक्षेप येतो: सोलापूर कोरडा जिल्हा, इथे तळ्याचा आजार कुठला? पण कोरडेपणाच इथे धोक्याचा आहे. उन्हाळ्यात पाणी आटत जातं आणि आसपासची सगळी जनावरं उरलेल्या एकाच डबक्यावर येतात. अंडी, गोगलगाई आणि कातडी एकाच जागी. शिवाय बाजारातून आणलेली गाय कुठलं पाणी पिऊन आली, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. दुसरा आक्षेप म्हशींचा: त्याच पाण्यात दिवसभर डुंबतात, त्यांना कुठे काय होतं? म्हशीत लक्षणं फारशी दिसत नाहीत, पण कृमी असतो आणि अंडी पाण्यात पडत राहतात. तिसरा आक्षेप, जंताचं औषध दिलंय. आयव्हरमेक्टिन किंवा अल्बेंडाझोल या कृमीवर चालत नाही. त्यासाठी लिथियम अँटिमनी थायोमॅलेटची इंजेक्शनं आठवड्याच्या अंतरानं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावी लागतात. बहुतेक गायींना त्यानं आराम पडतो, तेव्हा घाबरून गाय विकायला काढू नका.

'पण इंजेक्शननं आवाज कमी झाला होता,' हे म्हणणं खोटं नसतं. मेडिकलमधून आणून टोचलेल्या त्या इंजेक्शनात बहुधा स्टेरॉईड असतं. सूज उतरते, चार दिवस बरं वाटतं, कारण तसंच राहतं. गाय शेवटच्या महिन्यांत गाभण असेल तर त्याच इंजेक्शननं गर्भपात होऊ शकतो. प्रतिजैविक टोचलं असेल तर दूध किती दिवस बाजूला काढायचं, हेही कोणी विचारत नाही. व्हॉट्सॲपवरचे उपाय तर त्याहून वाईट: नाकात तेल सोडा, तंबाखूचं पाणी घाला, गळ्याला डाग द्या. डागानं कातडी जळते, आतली गाठ जिथल्या तिथे राहते. मान वर करून, जीभ ओढून बाटलीनं काढा पाजणं तर थांबवाच. जीभ ओढलेल्या जनावराला गिळता येत नाही, काढा श्वासनलिकेत उतरतो, आणि फक्त घोरणाऱ्या गाईला न्यूमोनिया होतो.

मात्र काही खुणा दिसल्या तर एक तासही थांबू नये. तोंड उघडून, मान ताणून श्वास घेणं, जीभ निळसर पडणं, गळ्याखाली गरम दुखरी सूज, १०४ अंशांच्या वर ताप, अचानक वैरण सोडणं. पावसाळ्याच्या तोंडाला सूज, ताप आणि घरघर एकत्र आली, तर आधी घटसर्प धरूनच चाला. त्यात जनावर दिवसभरातही जातं. १९६२ या क्रमांकावर फोन करा. पावसाळ्याआधीची लस टोचून घेतली होती की नाही, हे तेव्हा आठवत बसायची वेळ येऊ देऊ नका.

पाण्याचं म्हणाल, तर गाईला तळ्यात उतरवण्यापेक्षा बोअरचं किंवा नळाचं पाणी हौदात पाजणं बरं. तळ्याचंच वापरायचं असेल तर गोगलगाई येणार नाहीत असं गाळून दोन दिवस टाकीत साठवा. अळ्या तेवढ्यात मरतात. तळ्यात उभं राहिल्यावर तुमच्याच पायांना खाज सुटून पुरळ येत असेल, तर त्या पाण्यावर गाय नेऊ नका. अशाच अळ्या माणसाच्या कातडीतही शिरू पाहतात. नवी गाय घेताना ती सावलीत उभी दाखवतील. पैसे देण्याआधी तिला चांगली चालवा आणि मग नाकाशी कान नेऊन ऐका.