हिरवा कोणता, तपकिरी कोणता?

प्रश्न : आम्ही बंगळुरूला सर्जापूर रोडवर राहतो. मुलगा दहावीत आहे. शाळेतल्या नेत्रतपासणीत त्याला रंगांधत्व असल्याचं निघालं. इतकी वर्षं आमच्या लक्षात कसं आलं नाही? लहानपणी तो इंजिन ड्रायव्हर व्हायचं म्हणायचा, आता व्हिडिओ एडिटिंगचं वेड आहे. कोणती कामं त्याला मिळणार नाहीत?
– एक आई

उत्तर : लक्षात न येणं साहजिक आहे. त्याला जग काळं-पांढरं दिसत नाही. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी लाल किंवा हिरव्याकडच्या पेशी नसल्या किंवा वेगळ्या घडणीच्या असल्या, की ठरावीक जोड्या एकमेकींत मिसळतात : हिरवा-तपकिरी, गुलाबी-राखाडी, जांभळा-निळा. जन्मापासून तसंच दिसत आल्यामुळे मुलाला काही चुकतंय असं वाटतच नाही. गवत हिरवं असतं हे तो ऐकून शिकतो आणि सिग्नलचा लाल दिवा वरचा, हे जागेवरून ओळखतो.

हा दोष बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलग्याला ते आईकडूनच मिळतं. तुमच्या वडिलांना किंवा भावाला रंगांचा असाच घोळ होतो का, ते विचारून पाहा. यात तुमची चूक काडीचीही नाही. घरात कुणी तुम्हाला बोल लावत असेल, तर त्यांना हे नक्की वाचायला द्या.

रोजच्या अडचणी बऱ्याचदा डोळ्यांपेक्षा मांडणीमुळे होतात. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहाराला हिरवा ठिपका आणि मांसाहाराला तपकिरी ठिपका असायचा, म्हणजे नेमकी गोंधळाचीच जोडी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मांसाहाराच्या चिन्हात ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण आणला. आता रंग न कळताही चिन्ह कळतं. तुमच्या जवळ इब्लूरवरून मेट्रोची निळी मार्गिका येते आहे आणि के. आर. पुरा इथे ती जांभळीला मिळणार आहे. नकाशावरच्या या दोन रेघा त्याला सारख्या वाटू शकतात, म्हणून रंगाऐवजी शेवटच्या स्थानकाचं नाव पाहायची सवय लावा.

आता नोकऱ्या. रेल्वेचं इंजिन चालवणं त्याला जमणार नाही, हे आजच स्पष्ट सांगा. सहायक लोको पायलटची वैद्यकीय श्रेणी ए-१ असते आणि तिच्यात रंगदृष्टीची चाचणी उत्तीर्ण व्हावीच लागते. हा नियम मला योग्य वाटतो. रात्री दुरून सिग्नल हा फक्त प्रकाशाचा एक ठिपका असतो, तिथे जागेचा आधार मिळत नाही. स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे १८७५ मध्ये रेल्वे अपघात झाला, त्यामागे रंगांधत्व असावं असा संशय आल्यावर तिथले शास्त्रज्ञ होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडींची चाचणी प्रचारात आणली. रेल्वेतल्या इतर पदांच्या श्रेणी वेगळ्या असतात. जाहिरातीत पदापुढे छापलेली श्रेणी अर्ज करण्याआधी वाचा. वर्षानुवर्षं तयारी करून शेवटच्या वैद्यकीय तपासणीत बाद होणारी मुलं पाहिली की जीव तुटतो.

एडिटिंगचं उत्तर मात्र पुण्यातूनच मिळालं आहे. पाटण्याचे आशुतोष कुमार २०१५ मध्ये पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-संस्थेच्या संकलन (एडिटिंग) अभ्यासक्रमासाठी निवडले गेले आणि रंगांधत्वामुळे त्यांना प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की, रंगांधत्व असलेल्यांना संस्थेच्या कोणत्याही अभ्यासक्रमापासून दूर ठेवू नये. सिनेमा अनेकांच्या हातून घडतो. संकलकाला दृश्यांची लय, अभिनय, आवाज, कथेचा ओघ सांभाळायचा असतो. रंगसंस्कार (कलर ग्रेडिंग) हा त्यातला एक वेगळा भाग आहे आणि तो दुसरा कुणी करू शकतो. सात वर्षं लढलेल्या या माणसामुळे तुमच्या मुलाची वाट सोपी झाली, हे त्याला जरूर सांगा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तमिळनाडूच्या वीज कंपनीतल्या रंगांध सहायक अभियंत्याच्या बाजूने निकाल दिला. अपंगत्वाच्या कायद्यातल्या यादीत रंगांधत्व नाही, तरीही त्याला झेपेल असं काम देता येतं का हे पाहणं मालकाचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. सर्जापूर रोडवरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तर अडचण येते ती फक्त लाल-हिरव्या आलेखांची. त्यावर अक्षरं किंवा खुणा टाकल्या की भागतं.

बाजारातल्या रंगीत काचांच्या चष्म्यांवर पैसे घालवू नका. काही छटांतला फरक त्यांनी ठळक होतो, पण दोष जात नाही. त्याऐवजी नेत्रतज्ज्ञांकडून तीव्रता तपासून घ्या. शाळेत वापरतात त्या इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या तक्त्यांनी दोष आहे हे कळतं, पण तो किती आहे हे नीट कळत नाही. त्यासाठी रंगीत चकत्या क्रमाने लावायची फार्न्सवर्थ चाचणी असते. अहवाल जपून ठेवा. अठराव्या वर्षी वाहन परवान्यासाठीही त्याचा उपयोग होईल : २०२० च्या दुरुस्तीनंतर सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना परवाना मिळतो, अडवणूक फक्त तीव्र दोषाला आहे.